ताटात शिरलेलं लेकरू

आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय ९, ज्ञानेश्वरी, नवव्या अध्यायाची सुरुवात



आज आपण नववा अध्याय उघडतोय. ज्यांची ही पहिलीच ज्ञानेश्वरी आहे त्यांना एक विनंती. या अध्यायाच्या सुरुवातीच्या ओव्या घाईने ओलांडू नका. गीतेचा श्लोक अजून यायचा असतो, म्हणून आपण "ही प्रस्तावना आहे" असं म्हणून पानं पुढे ढकलतो. पण इथे माऊली समोर बसलेल्या श्रोत्यांशी, संतांशी बोलतायत. तुम्ही सगळं जाणणारे, मी तुमच्यापुढे काय बोलणार, असा त्यांचा सूर आहे. आणि मग ते एक दृष्टांत देतात.

बाप जेवायला बसलाय. छोटं लेकरू त्याच्या ताटातच शिरतं. आणि ताटातलाच घास उचलून ते बापाला भरवायला लागतं. बाप काय करतो? ओरडत नाही, "अरे सांडशील" म्हणत नाही. आनंदाने तोंड पुढे करतो.

बस, एवढंच. एका ओवीचं चित्र. माझं बोलणं त्या लेकरासारखं आहे, आणि तुम्ही त्या बापासारखे आहात, असं माऊली सुचवतात.

गंमत बघा, ज्यांना आपण सगळे "माऊली" म्हणतो, आई म्हणतो, ते इथे बापाचं चित्र काढतायत. आणि तेही कुणी? नेवाशात, शके १२१२ म्हणजे इ.स. १२९० मध्ये, ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली अशी श्रद्धा आहे तो पैस खांब आजही तिथे उभा आहे. परंपरेप्रमाणे ज्ञानदेवांचा जन्म शके ११९७ चा. म्हणजे सांगणाऱ्याचं वय फार तर पंधरा. आणि या मुलाचे वडील? विठ्ठलपंत संन्यास घेऊन परत संसारात आले, म्हणून समाजाने घर वाळीत टाकलं, आणि शेवटी मुलांना तरी जगू द्यावं म्हणून आई-वडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं, अशी कथा आपण ऐकत आलोय.

ज्याचं बापाचं ताट इतक्या लवकर उचललं गेलं, तो मुलगा भर सभेत सांगतोय की बाप तोंड पुढे करतो. त्याच्या बोलण्यात कडवटपणाचा लवलेश नाही. मला तर हे वाचताना दरवेळी थोडं थांबावं लागतं.

आता आजचा प्रश्न. बापाने असं तोंड पुढे करणं म्हणजे नेमकं काय? लाड? लेकराला बरं वाटावं म्हणून केलेलं नाटक? आपण आजकाल सहज म्हणतो, "माझे बाबा खूप सपोर्टिव्ह आहेत." म्हणजे ते काय करतात? आपण म्हणू त्याला हो म्हणतात? तसं असेल, तर गीतेतला सगळ्यात सपोर्टिव्ह बाप कोण आहे, माहितीये?

धृतराष्ट्र.

पहिल्या श्लोकातला बाप

गीता सुरू होते तीच एका बापाच्या प्रश्नाने. माझ्या मुलांनी आणि पांडूच्या मुलांनी रणांगणात काय केलं, असं धृतराष्ट्र संजयाला विचारतो. पांडव त्याच्या भावाची मुलं. बाप गेल्यावर त्याच्याच घरी वाढलेली. तरी "माझे" या शब्दात ती बसत नाहीत. तो शब्द फक्त स्वतःच्या मुलांसाठी. ज्ञानेश्वरीतही माऊली या प्रश्नाच्या आधी सांगून टाकतात की हा पुत्रप्रेमाने मोहून गेलेला माणूस विचारतोय.

दुर्योधनाला आयुष्यात पाठिंब्याची कमी कधी पडली? वारणावतात लाक्षागृह झालं, बाप गप्प. द्यूत झालं, बापाने परवानगी दिली. भर सभेत द्रौपदीची विटंबना सुरू झाली, तरी कितीतरी वेळ बाप गप्प. विदुराने सांगितलं, भीष्मांनी सांगितलं, स्वतः कृष्ण शिष्टाईला आला. प्रत्येक वेळी धृतराष्ट्राला कळत होतं, हे विशेष. त्याला योग्य-अयोग्य समजत नव्हतं असं महाभारत कुठेच म्हणत नाही. कळत होतं, पण मुलगा नाराज होईल हे त्याला सोसत नव्हतं.

आणि त्याच गीतेच्या अकराव्या अध्यायात, विश्वरूप बघून घाबरलेला अर्जुन हात जोडून म्हणतो, मी तुला मित्र समजून काहीबाही बोललो, थट्टा केली; बाप जसं मुलाचं सहन करतो, तसं माझं सहन कर. म्हणजे बापाचं "सहन करणं" इथे देवाकडे मागण्याइतकी मोठी गोष्ट आहे.

मग एकाच ग्रंथात एका बापाचं सहन करणं कुळ बुडवतं, आणि दुसऱ्या बापाचं सहन करणं देवपणाची खूण ठरतं. फरक कुठे आहे? "एक जास्त प्रेम करतो, दुसरा कमी" असं म्हणून चालत नाही. धृतराष्ट्राचं प्रेम काही कमी नव्हतं.

याचं उत्तर मला पुस्तकात सापडायच्या आधी घरी बघायला मिळालं होतं. तेवढं सांगते.

अण्णा पंच होते तेव्हा

आमचं गाव नेवासे तालुक्यातलं. अडीच एकर जमीन, त्यात ऊस. अण्णा सातवी शिकलेले. शेतीची लाईट रात्रीची असली की ते बारं द्यायला जायचे आणि पहाटे येऊन, आंघोळ करून, ओट्यावर सार्थ ज्ञानेश्वरी घेऊन बसायचे. मला एकेक श्लोक, एकेक ओवी त्यांनीच म्हणायला शिकवली. आणि संध्याकाळी शाळेतून आल्यावर मी त्यांनाच ती समजावून सांगायची. "अण्णा, तुम्हाला माहितीये का, याचा अर्थ काय आहे?" ते गाईच्या धारा काढता काढता म्हणायचे, "सांग की." सकाळी ज्यांनी सांगितलं, त्यांनाच संध्याकाळी मी सांगतेय, आणि ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखे मान हलवतायत.

मी चौथीत होते. मार्गशीर्षात गावात सप्ताह होता आणि गीता जयंतीला मुलांची पाठांतर स्पर्धा. तीन पंच, त्यात अण्णा. माझं नाव यादीत आहे म्हटल्यावर ते उठायला लागले, पण बाकीच्यांनी बळंच बसवून ठेवलं. मी पंधरावा अध्याय म्हटला, वीसच्या वीस श्लोक, कुठेही न अडखळता.

माझ्यानंतर एक मुलगी उठली. ती आमच्या गावची नव्हती. पाथर्डीकडून ऊसतोडीला आलेल्या टोळीतली, माझ्याच वयाची. शिवारात त्यांच्या कोप्या होत्या. रोज संध्याकाळी देवळात हरिपाठ चालायचा तेव्हा ती धाकट्या भावाला कडेवर घेऊन दाराशी उभी असायची. तिने अख्खा हरिपाठ म्हटला. हातात पुस्तक नाही, समोर कुणी सांगायला नाही. डोळे मिटून, चालीत, एकही अभंग न गाळता. देवळात टाळ वाजवणारेसुद्धा हात थांबवून ऐकत होते.

निकालाच्या वेळी एक पंच माझ्या बाजूने, एक तिच्या. राहिले अण्णा. मागून कुणीतरी म्हणालं, "बक्षीस गावात राहू द्या, टोळी काय, चार महिन्यांनी जाईल." आमची आत्या तर उघडच म्हणाली, "आपलं पोर सोडून दुसऱ्याला कसं द्यायचं?"

अण्णा म्हणाले, "स्पर्धा पाठांतराची आहे, गावाची नाही." आणि बक्षीस तिला दिलं. एक स्टीलचा डबा आणि गीतेचं छोटं पुस्तक. तिच्या वडिलांनी तो डबा दोन्ही हातांनी कपाळाला लावला, ते मला अजून दिसतं.

मला रडू येत होतं. सायकलच्या कॅरिअरवर बसून आम्ही निघालो. थोडं पुढे आल्यावर अण्णा म्हणाले, "आता मला म्हणून दाखव पंधरावा. तिथं पंच होतो, नीट ऐकता आलं नाही."

मी सुरू केलं. तिसऱ्या-चौथ्या श्लोकाला ते सायकलवरून उतरले आणि सायकल हातात धरून चालायला लागले. घर लवकर येऊ नये म्हणून, हे मला खूप नंतर कळलं. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये पायवाट, आणि त्यांनीच शिकवलेला अध्याय मी त्यांना ऐकवतेय. संपल्यावर म्हणाले, "लई गोड म्हणतेस." डब्याचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

ताट कुणाचं?

आता परत त्या ओवीकडे या. लेकरू कुणाच्या ताटात शिरलंय? बापाच्या. घास कुणाचा आहे? बापाचाच.

सगळा फरक इथे आहे, असं मला वाटतं. माऊलींच्या ओवीतला बाप स्वतःच्या ताटात लेकराला शिरू देतो. धृतराष्ट्राने मुलाला पुतण्यांच्या ताटात शिरू दिलं. पाच गावंसुद्धा न सोडणारा मुलगा त्याने "माझा" म्हणून सांभाळला, आणि त्या सांभाळण्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली. ज्या पाठिंब्याचं बिल तिसऱ्याच्या नावावर फाटतं, त्याला गीता प्रेम म्हणत नाही, मोह म्हणते.

त्या दिवशी देवळातलं बक्षीस अण्णांच्या ताटातलं नव्हतं. ते त्यांच्याकडे फक्त वाटायला दिलं होतं. म्हणून त्यातलं त्यांनी मला काही दिलं नाही. जे खरोखर त्यांचं होतं, म्हणजे त्यांचे कान, त्यांची संध्याकाळ, दिवसभर दमलेल्या पायांचं चालणं, ते सगळं माझ्यापुढे ठेवलं. तिथे मोजमाप नव्हतं.

कुणी म्हणेल, एका स्टीलच्या डब्यासाठी न्यायी होणं सोपं आहे हो. उद्या नोकरीचा प्रश्न असेल, कॉलेजच्या सीटचा असेल, तेव्हा? खरंय. पण मला वाटतं मोठ्या प्रसंगात माणूस अचानक वेगळा होत नाही. लाक्षागृहाच्या आधीही धृतराष्ट्राच्या घरात असे कितीतरी छोटे डबे वाटले गेले असतील. "आपलं पोर" हा शब्द कुठे वापरायचा आणि कुठे नाही, हे रोजच्या किरकोळ गोष्टींतच ठरत जातं. आज ओळखीने रांग मोडून दर्शन घडवणारा बाप मुलाला देव दाखवतो की रांग मोडायला शिकवतो, याचा विचार करायला हरकत नाही.

आणि दुसरा आक्षेप जरा अवघड आहे. सगळ्यांना सारखंच वागवायचं असेल, तर मग बाप कशाला हवा? न्यायाधीश पुरेसा आहे. बापाचं प्रेम थोडं झुकतं असायलाच नको का?

याला याच नवव्या अध्यायात उत्तर आहे. भगवंत म्हणतात, मी सगळ्या भूतांच्या ठिकाणी सारखाच आहे, मला कुणी नावडता नाही, कुणी आवडता नाही. श्लोक इथेच संपला असता तर आपली निराशाच झाली असती. पण पुढचा अर्धा भाग सांगतो, जे मला भक्तीने भजतात ते माझ्यात आणि मी त्यांच्यात आहे. म्हणजे वाटताना सारखा, आणि तरीही जवळ. आपल्याला वाटतं की जवळीक म्हणजे जास्तीचा वाटा. गीता या दोन गोष्टी वेगळ्या करते. वाटा सारखा राहूनही जवळीक पूर्ण असू शकते. अण्णांनी पंचाच्या जागेवर मला एक गुणही जास्त दिला नाही, आणि वाटेवर माझ्यापासून तसूभरही लांब गेले नाहीत.

तो घास खोटा नसतो

मग राहिला पहिला प्रश्न. लेकराच्या हातून घास घेणारा बाप नाटक करतो का? ताटातलाच घास, लेकराला वाटतं मी भरवलं. बाप फक्त हो ला हो करतो?

मला नाही वाटत. कारण तो घास खरा असतो. पोटात जातो. भूक थोडी का होईना भागते. लेकराने काही नवीन निर्माण केलं नाही हे खरं, पण त्याने दिलं, हेही खरंच. याच अध्यायात पुढे पान, फूल, फळ, पाणी वाहणारा तो प्रसिद्ध श्लोक येतो. झाड देवाचं, पाणी देवाचं, आपण त्यालाच देतोय. आणि माऊली तिथे सांगतात की भक्ताने फळ पुढे केलं की देव दोन्ही हात पसरतो आणि देठसुद्धा न काढता खातो. फूल खरं तर हुंगायचं, पण तेही तोंडात घालतो. इतकी घाई! अध्यायाच्या सुरुवातीचा तोंड पुढे करणारा बाप आणि इथला देव, एकच आहेत. "या जगाचा पिता मी आहे" असं भगवंत याच अध्यायात म्हणतात, ते उगीच नाही.

आणि असं घास स्वीकारलेलं लेकरू एक दिवस खरंच भरवायला लागतं. आपल्या जिल्ह्याला आज जिचं नाव आहे, तिचंच बघा. जामखेड तालुक्यातल्या चौंडीचे माणकोजी शिंदे. १७२५ मध्ये जन्मलेल्या मुलीला त्यांनी घरी लिहा-वाचायला शिकवलं, ज्या काळात मुलीच्या हाती पाटी देणं हाच वेडेपणा समजला जायचा. पुढे १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात खंडेराव गेले आणि अहिल्याबाई सती जायला निघाल्या, तेव्हा सासरे मल्हारराव होळकरांनी त्यांना अडवलं. आणि अडवून नुसतं घरात बसवलं नाही. कारभार सांगितला, पत्रं लिहून कामं सोपवली. म्हणजे सुनेच्या हातून घास घेतला. आधार देणं म्हणजे कुणाला उचलून धरणं एवढंच नसतं. "आता तू मला सांभाळ" असं म्हणून तिच्यावर भार टाकणं, हाही आधारच. १७६७ पासून १७९५ पर्यंत जो राज्यकारभार झाला, त्याची सुरुवात अशी दोन बापांनी पुढे केलेल्या तोंडापासून आहे.

ज्यांना असा बाप मिळाला नाही

मला माहितीये, हे वाचणाऱ्या सगळ्यांच्या आठवणीत अशी सायकल नसेल. कुणाचे वडील लवकर गेले असतील. कुणाचे असूनही कधी ऐकायला थांबले नसतील. त्यांना "बाप म्हणजे देव" असं सांगणं म्हणजे जखमेवर मीठ आहे, आणि गीता तसं म्हणतही नाही. गीता म्हणते देव बाप आहे. वाक्य उलटं करू नका. आपल्या बापाच्या मापाने देव मोजायचा नसतो. जे घरी मिळालं नाही ते कुठेतरी आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आणि त्याचा पुरावा ज्ञानदेवच आहेत. वडिलांनंतर त्यांच्यासमोर कोण बसलं होतं? निवृत्तीनाथ. परंपरेच्या हिशोबाने फक्त दोन वर्षांनी मोठा भाऊ. तोच गुरू झाला, तोच बाप झाला. धाकट्या भावाने नऊ हजार ओव्या सांगितल्या आणि थोरल्याने ऐकल्या. जे ज्ञान त्याने दिलं होतं, तेच परत धाकट्याच्या तोंडून घेतलं. म्हणून ती ओवी निव्वळ कल्पना नाही. माऊली बोलत होते तेव्हा तोंड पुढे करणारा समोरच बसला होता. बाप होण्यासाठी बापच असावं लागतं असं नाही. मोठी ताई, शाळेतल्या बाई, होस्टेलवरचा रूममेट, कुणीही तो घास घेऊ शकतं.

आजचा संकल्प

पितृऋण कसं फेडायचं, असं बरेच जण विचारतात. ओवी म्हणते, फेडता येतच नाही, कारण तुमच्या हातातला घासही त्यांच्याच ताटातला आहे. पण भरवता येतं.

आणि आता एक उलटी गोष्ट सुरू झालीये, तुमच्या लक्षात आली असेल. आपण पुण्यात, मुंबईत, बंगळूरला. वडील गावी. फोनवर ते आपल्याला सांगतात, रेनकोट ने, रात्री उशिरा रिक्षात बसू नको, बँकेतून फोन आला तर ओटीपी सांगायचा नसतो. आपल्याला सगळं माहीत असतं. ओटीपीचं तर आपणच त्यांना शिकवलेलं असतं! तेच ते आता आपल्याला समजावून सांगतात. कालची गोष्ट आज चौथ्यांदा सांगतात.

म्हणजे आता ते आपल्या ताटात शिरलेत, आणि आपलाच घास आपल्याला भरवतायत. "माहितीये हो बाबा" हे तीन शब्द जिभेवर आलेले असतात. तेवढे आज गिळायचे. "हो का? मग पुढे?" असं विचारायचं. पण एक पथ्य लक्षात ठेवायचं, ते दुसऱ्या कुणाच्या वाट्याचं काही आपल्याला द्यायला निघाले, तर प्रेमाने हात धरायचा. बाकी त्यांच्या हातातून जे येईल, त्याला तोंड पुढे करायचं.

उद्या नवव्या अध्यायाचा पहिला श्लोक. त्यात भगवंत अर्जुनाला ही सगळ्यात गुप्त गोष्ट का सांगतायत, त्याचं कारण दिलंय. वाचून या.

राम कृष्ण हरी.